पुरावा मागणारा डॉक्टर

काही माणसांचे नाव त्यांच्यामागे एखाद्या रस्त्याला मिळते, काहींचे रुग्णालयाला. आर्चिबाल्ड कॉक्रन या स्कॉटिश डॉक्टरांचे नाव मिळाले ते एका कामाला. एखाद्या उपचाराच्या जगभर झालेल्या चाचण्या शोधायच्या, त्यांतल्या कच्च्या आणि पक्क्या वेगळ्या करायच्या आणि सगळ्या मिळून काय सांगतात ते मांडायचे, असे हे काम. या अहवालांना वैद्यकाच्या जगात ‘कॉक्रन रिव्ह्यू’ म्हणतात. डॉक्टर ते वाचतात, सरकारे वाचतात. ज्यांच्या घरी प्रश्न आहे अशा आईवडिलांनीही ते वाचावेत असे मला वाटते, आणि म्हणूनच हा लेख.

मी आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवले, त्यामुळे कॉक्रन हे नाव कानावरून गेले होते. नावामागचा माणूस मात्र मी वाचायला घेतला तो घरच्या गरजेपोटी. माझ्या धाकट्या बहिणीचा नातू तीन वर्षांचा असताना त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असल्याचे निदान झाले. असे निदान झाले की घरात आधी दुःख येते आणि त्याच्या पाठोपाठ सल्ले येतात. गहू आणि दूध पूर्ण बंद करा. कानाला अमुक यंत्र लावा. शरीरातले जड धातू काढून टाका. पाठीच्या कण्यातून स्टेम सेल सोडा. प्रत्येक सल्ल्याबरोबर कुणाच्या तरी ओळखीचे एक मूल असते, जे आधी बोलत नव्हते आणि आता घडाघडा बोलते. माझी भाची, म्हणजे त्या मुलाची आई, एके दिवशी मला म्हणाली की मावशी, तू हिशेबातली आहेस, यातले खरे किती ते तूच सांग.

तिच्यासाठी वाचता वाचता मी कॉक्रन यांच्या चरित्रापाशी पोचले. त्यांनी स्वमग्न मुलांवर कधी काम केले नाही, हे आधीच सांगते. ते छातीच्या विकारांचे आणि साथींचे अभ्यासक. पण उपचारांची पारख कशी करावी हे या माणसाने पुस्तकांपेक्षा स्वतःच्या अंगावर बेतलेल्या प्रसंगांतून शिकून घेतले. ते प्रसंग कुठल्याही आईवडिलांना उपयोगी पडावेत असे आहेत.

तीन वर्षे कोचावर

कॉक्रन यांचा जन्म १२ जानेवारी १९०९ चा, स्कॉटलंडमधल्या गॅलाशील्स गावचा. घराणे लोकरी कापडाच्या धंद्यातले, सुखवस्तू. आर्ची आठ वर्षांचा असताना वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. शिष्यवृत्त्या मिळवत मुलगा केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात पोचला आणि १९३० मध्ये निसर्गविज्ञानात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला.

त्याच सुमारास त्यांना एक खासगी स्वरूपाचा शारीरिक त्रास होता. इंग्लंडमधल्या डॉक्टरांकडून समाधान होईना. तेव्हा मनोविश्लेषणाचा बोलबाला होता. कॉक्रन बर्लिनला गेले आणि फ्रॉइड यांचे शिष्य थिओडोर राइक यांच्याकडे उपचार घेऊ लागले. नाझींची सावली वाढू लागली तसे राइक बर्लिनहून व्हिएन्नाला आणि तिथून हेगला गेले, आणि त्यांच्यामागून कॉक्रनही. १९३१ ते १९३४ अशी ही तीन वर्षे. त्रास होता तिथेच राहिला. हाती लागल्या तीन गोष्टी. जर्मन भाषा उत्तम आली, फॅसिझम कसा असतो ते डोळ्यांनी पाहिले, आणि तपासून न पाहिलेल्या सिद्धांतांविषयी जन्मभराचा संशय मनात बसला.

हा संशय किती मोलाचा होता ते स्वमग्नतेच्या इतिहासात दिसते. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांची वर्णने प्रसिद्ध केली आणि या अवस्थेला नाव मिळाले. पुढची पंचवीसेक वर्षे मनोविश्लेषणाच्या प्रभावाखाली असे मानले गेले की आई थंड असते, मुलाला माया देत नाही, म्हणून मूल असे होते. शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये यावर जाडजूड पुस्तक लिहिले आणि ते खूप गाजले. या आयांची आणि इतर आयांची नीट तुलना करून पाहिली का, असे फारसे कुणी विचारले नाही. बर्नार्ड रिमलंड हे स्वतः स्वमग्न मुलाचे वडील आणि मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९६४ मध्येच या समजाला पुस्तकातून उत्तर दिले होते. १९७७ मध्ये ब्रिटनमधल्या जुळ्या भावंडांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवून दिला. तोवर हजारो आयांनी तो आरोप सोसला होता. आपल्याकडे आजही एखादी सासू सुनेला हेच ऐकवते.

सलोनिकाची छावणी

राइक यांना सोडून कॉक्रन लंडनला वैद्यकाच्या अभ्यासाला लागले. मध्येच स्पेनचे यादवी युद्ध पेटले, तेव्हा अभ्यास बाजूला ठेवून ते तिथल्या वैद्यकीय पथकात वर्षभर काम करून आले. १९३८ मध्ये डॉक्टर झाले. विद्यार्थिदशेतली एक आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे. सर्वांना मोफत आरोग्यसेवा मिळावी म्हणून लंडनमध्ये मोर्चा निघाला होता. कॉक्रन त्यात स्वतः रंगवलेला फलक घेऊन चालले होते. जो उपचार परिणामकारक आहे तो प्रत्येक मोफत मिळाला पाहिजे, अशा अर्थाची त्यावर मागणी होती. मोफत या शब्दाला सगळ्यांची साथ होती. परिणामकारक या शब्दाकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात डॉक्टर होते. १९४१ च्या जूनमध्ये क्रीट बेटावर जर्मनांनी त्यांना पकडले आणि ग्रीसमधल्या सलोनिकाच्या युद्धकैद्यांच्या छावणीत डॉक्टर म्हणून ठेवले. दिवसाला माणशी सुमारे ६०० कॅलरींचे अन्न, प्रत्येकाला जुलाब, टायफॉइड, घटसर्प, कावीळ. औषधे म्हणजे थोडी अ‍ॅस्पिरिन, थोडे आम्लपित्तावरचे औषध आणि कातडीला लावायचे जंतुनाशक. कॉक्रन यांना वाटले की एकट्या घटसर्पाने शेकडो माणसे जातील. प्रत्यक्षात चार मरण पावली, आणि त्यांतली तीन पहारेकऱ्यांच्या गोळ्यांनी. यात आपल्या उपचारांचा काही वाटा नव्हता, हे कॉक्रन यांनी निःसंकोचपणे लिहून ठेवले. माणसाचे शरीर आपले आपण सावरते, याचा तो पुरावा होता. हाती भरपूर औषधे असती तर श्रेय सगळे औषधांना गेले असते.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. स्वमग्न मूल म्हणजे काही थांबलेले घड्याळ नाही. तेही वाढत असते. तीन वर्षांचे मूल चार वर्षांचे होते तेव्हा पुष्कळदा थोडे अधिक समजू लागते, थोडे अधिक बोलू लागते. त्या वर्षभरात जो उपचार चालू असेल त्याला गुण आला असे आपण म्हणतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते आणि आपण कावळ्याचे वजन करत बसतो.

त्याच छावणीत कॉक्रन यांनी आयुष्यातली पहिली चाचणी केली. कैद्यांच्या पायांना सूज येऊ लागली होती, ती गुडघ्याच्या वर चढत होती. त्यांना स्वतःलाही ती होती. जीवनसत्त्वाची उणीव असावी असा त्यांना तर्क आला. काळ्या बाजारातून थोडे यीस्ट मिळवले. २० तरुण रुग्ण निवडले. दहांना रोज यीस्ट दिले, दहांना क जीवनसत्त्वाच्या गोळ्या. लघवी मोजायला भांडी नव्हती, म्हणून प्रत्येक जण दिवसातून किती वेळा जातो तेवढेच टिपून ठेवले. चौथ्या दिवशी यीस्टच्या खोलीतली माणसे स्पष्टपणे सुधारलेली दिसली. दुसऱ्या खोलीत फरक नव्हता. वही घेऊन ते जर्मन अधिकाऱ्यांकडे गेले. आश्चर्य म्हणजे अधिकाऱ्यांनी आकडे ऐकून घेतले आणि छावणीला यीस्ट पुरवले.

म्हातारपणी या चाचणीविषयी लिहिताना त्यांनी तिला आपली पहिली, सर्वांत वाईट आणि तरीही सर्वांत यशस्वी चाचणी ठरवले. माणसे थोडी, दिवस थोडे, मोजमाप ढोबळ. रोगाचा तर्कही बहुधा चुकलेला, कारण सूज मुख्यतः उपासमारीची असावी. एवढे दोष स्वतःच्या विजयात शोधणारा माणूस मी तरी क्वचित पाहिला आहे.

रशियन कैदी

पुढे त्यांना जर्मनीतल्या छावण्यांत हलवले. एल्स्टरहॉर्स्टच्या छावणीत क्षयरोगी होते. एका रात्री उशिरा एका तरुण सोव्हिएत कैद्याला मरणासन्न अवस्थेत आणून टाकले. तो किंचाळत होता. इतर रुग्ण जागे होऊ नयेत म्हणून कॉक्रन यांनी त्याला आपल्याच खोलीत ठेवले. तपासले तर दोन्ही फुप्फुसे पोखरलेली, आणि छातीच्या आवरणाला सूज. वेदना त्याचीच असणार असे त्यांनी ठरवले. मॉर्फीन नव्हते. अ‍ॅस्पिरिनने काही होईना. रशियन भाषा त्यांना जवळजवळ येत नव्हती, वॉर्डात दुसऱ्या कुणालाही नाही. शेवटी काही न सुचून ते खाटेवर बसले आणि त्या मुलाला त्यांनी कुशीत घेतले. किंचाळणे जवळजवळ लगेच थांबले. काही तासांनी तो त्यांच्या कुशीतच शांतपणे गेला. त्याचे दुखणे फुप्फुसाचे नव्हते, एकटेपणाचे होते. निदान चुकल्याची लाज वाटून कॉक्रन यांनी हा प्रसंग कित्येक वर्षे कुणाला सांगितला नाही.

पुरावा मागणारी माणसे कोरडी असतात असा आपल्याकडे समज आहे. भाचीच्या घरीही मला कुणीतरी हे सुनावले. त्यांना मी या रात्रीची गोष्ट सांगितली. कुशीत घेण्याला चाचणीची गरज नाही. त्याने अपाय होत नाही आणि त्याचे कुणी बिल लावत नाही. सुई टोचायची, पथ्य लादायचे, कर्ज काढायचे, तेव्हा मात्र विचारावेच लागते.

क्षयरोग्यांवर उपचार करताना कॉक्रन यांना वेगळीच टोचणी लागली. फुप्फुस हवा भरून दाबावे की नुसती विश्रांती द्यावी, हे ठरवायचे त्यांना पूर्ण स्वातंत्र्य होते. पण यातले काय केव्हा उपयोगी, हे जगात कुणालाच नीट ठाऊक नव्हते. आपल्या हातून काही जणांचे आयुष्य कमीच झाले असेल, ही शंका त्यांना सोडून गेली नाही. असले स्वातंत्र्य देऊन टाकावे आणि त्या बदल्यात थोडे ज्ञान मिळावे, असे त्यांना वाटे.

ते ज्ञान मिळवण्याची रीत त्यांना युद्धानंतर लंडनमध्ये ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञांकडे शिकायला मिळाली. हिल यांनी आखलेली स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. औषध अपुरे होते. ते कुणाला द्यायचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता आधीच बंद पाकिटांत चिठ्ठ्या घालून ठरवले होते. ५५ क्षयरोग्यांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. चिठ्ठीचे महत्त्व असे की डॉक्टर नकळत बऱ्या होण्याजोग्या रुग्णाला नवे औषध देतो. आईवडिलांच्या बाबतीतही ज्यांच्याकडे पैसा, वेळ आणि उमेद अधिक, तेच महागडा उपचार घेतात. मग मुलाची प्रगती उपचाराने झाली की घरामुळे, हे कळत नाही. चिठ्ठीने दोन्ही गट सारखे होतात.

खाणकामगारांची दारे

१९४८ पासून कॉक्रन वेल्समध्ये कोळसा खाणकामगारांच्या फुप्फुसांचा अभ्यास करू लागले. ऱ्हॉन्डाच्या खोऱ्यात त्यांनी गावेच्या गावे एक्स-रे काढून तपासली. लोक यायला नाखूश असत, तेव्हा त्यांची माणसे दारोदार फिरत. शंभरातले नव्वदाहून अधिक लोक तपासल्याशिवाय ते थांबत नसत. जे येत नाहीत त्यांच्यातच उत्तर दडलेले असू शकते, हा त्यांचा आग्रह होता.

उपचार केंद्रांच्या माहितीपत्रकांत समाधानी पालकांची पत्रे असतात, तेव्हा मला ही दारे आठवतात. ज्यांना उपयोग झाला नाही ते मध्येच सोडून जातात, आणि त्यांचे पत्र कुणी छापत नाही.

१९५६ मध्ये पुराव्याचा प्रश्न कॉक्रन यांच्या स्वतःच्या अंगावर आला. एका गाठीसाठी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. एका नामांकित सर्जनने काखेत कर्करोग पसरला आहे असे सांगितले आणि एक स्नायूही काढून टाकला. कॉक्रन यांनी मरणाची तयारी केली. पुढे काढलेल्या भागाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली, तर कर्करोग नव्हताच. सर्जनने तो अहवाल येण्याआधीच निकाल दिला होता. इतकी वर्षे पुरावा मागणाऱ्या कॉक्रन यांनी त्या दिवशी तो मागितला नव्हता. भीती वाटते तेव्हा हुशार माणूसही मोठ्या नावापुढे मान तुकवतो. निदानाच्या धक्क्यातून न सावरलेल्या आईबापांचे तर विचारायलाच नको.

उलटा केलेला तक्ता

१९६० मध्ये ते कार्डिफला प्राध्यापक झाले. या काळातला त्यांचा एक खट्याळ प्रयोग प्रसिद्ध आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाला विशेष अतिदक्षता विभागात ठेवावे की घरी, याची चाचणी ब्रिस्टलच्या परिसरात चालू होती. अशी चाचणी करणेच अनैतिक आहे असा काही हृदयरोगतज्ज्ञांचा आक्षेप होता. पहिले आकडे हाती आले तेव्हा घरी ठेवलेल्यांची स्थिती किंचित बरी होती. फरक इतका थोडा की त्यावरून काहीच ठरवता येऊ नये. कॉक्रन यांनी तक्त्यातले रकाने उलटे केले आणि रुग्णालयात किंचित फायदा दिसतो असा तक्ता तज्ज्ञांपुढे ठेवला. तज्ज्ञ खवळले. चाचणी ताबडतोब थांबवा, म्हणाले. मग कॉक्रन यांनी माफी मागून खरा तक्ता पुढे केला, आणि आता अतिदक्षता विभाग ताबडतोब बंद करायचे का, असे विचारले. बराच वेळ कुणी बोलले नाही.

हे तज्ज्ञ लबाड नव्हते. आपल्या उपचारावर त्यांचे प्रेम होते, आणि मनासारखा पुरावा आला की तो पुरेसा वाटतो, विरुद्ध आला की अपुरा. आपणही याला अपवाद नसतो.

१९७२ मध्ये त्यांचे छोटेसे पुस्तक आले. आरोग्यसेवेतल्या कितीतरी गोष्टी उपयोग न तपासताच चालू आहेत, हे त्यात सरळ मांडले होते. १९७९ मध्ये त्यांनी डॉक्टरांना आणखी एक चिमटा काढला. प्रत्येक शाखेतल्या सगळ्या चाचण्यांचा चिकित्सक आढावा घेऊन तो वेळोवेळी ताजा ठेवावा, एवढेही आपल्या व्यवसायाला जमलेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ऑक्सफर्डमध्ये इयन चामर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मनावर घेतले. बाळंतपणाच्या उपचारांपासून सुरुवात झाली. कॉक्रन १९८८ च्या जूनमध्ये वारले. १९९२ मध्ये ऑक्सफर्डला त्यांच्या नावाचे केंद्र उघडले आणि १९९३ मध्ये त्याचे जगभराच्या अभ्यासकांच्या संघात रूपांतर झाले.

आढाव्यांत काय दिसते

या संघाचे स्वमग्नतेवरचे आढावे मी एकेक करून वाचले. त्यांतली सिक्रेटिनची कहाणी सर्वांत बोलकी. सिक्रेटिन हे पचनसंस्थेतले एक संप्रेरक. १९९८ मध्ये अमेरिकेत पोटाच्या तपासणीसाठी ते दिलेल्या तीन स्वमग्न मुलांचे बोलणे-वागणे सुधारल्याचे प्रसिद्ध झाले. दूरदर्शनवर बातमी झळकली आणि हजारो आईवडील या इंजेक्शनसाठी धावले. १९९९ च्या अखेरीस पहिल्या नीट चाचणीचा निष्कर्ष आला. साठ मुलांपैकी निम्म्यांना सिक्रेटिन, निम्म्यांना मिठाचे पाणी. कुणाला काय दिले ते आईवडिलांनाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यांनाही नाही. चार आठवड्यांत दोन्ही गट सुधारले, आणि सारखेच सुधारले. सिक्रेटिनने मिठाच्या पाण्यापेक्षा काहीही अधिक केले नव्हते. हे सांगितल्यावरही सुमारे सत्तर टक्के पालकांना हा उपचार हवाच होता. मी त्यांना हसत नाही. मात्र २०१२ च्या कॉक्रन आढाव्यात १६ चाचण्या आणि ९०० हून अधिक मुले एकत्र मांडली, तरी उत्तर बदलले नाही.

यावरून एक भेद लक्षात ठेवावा. सिक्रेटिनच्या बाबतीत उपयोग नाही याचा पुरावा आहे. गहू-दूध बंद करण्याबाबत झालेल्या चाचण्या थोड्या आणि लहान, म्हणून तिथे उपयोगाचा भरवशाचा पुरावा नाही. दोन्ही वाक्ये सारखी वाटतात, पण सारखी नाहीत. पथ्याच्या बाबतीत दार बंद झालेले नाही. मात्र आधीच मोजके पदार्थ खाणाऱ्या मुलाच्या ताटातून पोळी आणि दूध काढण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, हे बरे.

जड धातू काढण्याचा उपचार, ज्याला चिलेशन म्हणतात, तो तर जिवावर बेतलेला आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात पाच वर्षांचा स्वमग्न मुलगा या इंजेक्शनने दगावला. दहा वर्षांनी आलेल्या कॉक्रन आढाव्याला उपयोगाचा पुरावा सापडला नाही.

पुराव्याची चाळणी फक्त भोंदूंसाठी असते असेही समजू नये. लहानपणी आठवड्यातले अनेक तास वर्तनाचे प्रशिक्षण देण्याची पद्धत अमेरिकेत सर्वमान्य आहे. तिच्यावरच्या २०१८ च्या आढाव्यात पाचच अभ्यास बसले. त्यांत मिळून २१९ मुले, आणि चिठ्ठ्या टाकून केलेला अभ्यास एकच. काही फायदा होत असावा, पण पुरावा अशक्त आहे, असा निष्कर्ष निघाला. शिवाय नेमके काय मोजले हेही पाहावे लागते. मूल गप्प बसायला शिकले की आपले म्हणणे सांगायला शिकले, या दोहोंत फार अंतर आहे. मोठे झालेले स्वमग्न लोक आज हाच मुद्दा मांडतात.

आणि एक बातमी आपल्या शेजारची. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून ६५ मुलांची एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. तज्ज्ञ थोडे आणि मुले पुष्कळ, हा आपला प्रश्न. म्हणून साध्या आरोग्य कार्यकर्त्यांना तयार केले. ते घरोघरी जाऊन आईवडिलांना मुलाच्या कलाने कसे खेळावे, त्याच्या इशाऱ्याला कसा प्रतिसाद द्यावा, ते शिकवत. चिठ्ठ्या टाकून निम्म्या मुलांना हा कार्यक्रम, निम्म्यांना नेहमीची सेवा. कार्यक्रमातले आईवडील मुलाशी अधिक जुळवून घेऊ लागले आणि मुले आपणहून अधिक संवाद सुरू करू लागली. एका मोजमापात, म्हणजे दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्यात, उलट घट दिसली. संशोधकांनी तीही लपवली नाही. मला या चाचणीविषयी भरवसा वाटतो तो त्यामुळेच.

माझ्या भाचीने आणि जावयाने घरासाठी साठवलेली रक्कम मोडून स्टेम सेल उपचार करायचे जवळजवळ ठरवले होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ मध्येच रक्ताचे काही विकार वगळता असे उपचार चाचणीबाहेर देऊ नयेत असे बजावले होते. स्वमग्नतेसाठी त्यांची शिफारस नाही, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानेही २०२२ मध्ये सांगितले. मी दोघांना मोजकेच प्रश्न लिहून दिले. कुणाशी तुलना केली? कुणाला द्यायचे हे कसे ठरवले? तपासणाऱ्याला ठाऊक होते का? मध्येच सोडून गेलेल्यांचे काय झाले? अपाय कोणते? केंद्रात उत्तरादाखल त्यांना सुधारलेल्या मुलांच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. ते दोघे परत आले. ती रक्कम आता वाचा-उपचारांसाठी आणि भाचीने घेतलेल्या सुट्टीसाठी खर्च होते आहे.

मुलगा आता सात वर्षांचा आहे. पाणी हवे असले की हात धरून नेतो, कधी शब्दही वापरतो. हे कशामुळे झाले, असे शेजारणी भाचीला विचारतात. एका मुलावरून ते सांगता येत नाही, असे ती म्हणते. तिच्या या उत्तराचा मला अभिमान वाटतो.

कॉक्रन यांनी आपला मृत्युलेख स्वतःच लिहून ठेवला होता. फार सिगारेटी ओढल्या, बायको नाही, देवावर श्रद्धा नाही, सरकारी मानाची बक्षिशी नाही, तरी एकूण फार वाईट केले नाही, अशा अर्थाचा त्याचा शेवट आहे. इतरांच्या दाव्यांना त्यांनी जी फूटपट्टी लावली तीच स्वतःलाही लावली. आपल्या घरातल्या मुलासाठी कुणी काही घेऊन आले, तर ती फूटपट्टी हाती घ्यायला आपण संकोचू नये. जो खरोखर मदत करू पाहतो त्याला या प्रश्नांचा राग येत नाही.